ज्याचा डोया, त्याचा रंग

वाचनालयात माझा पहिला दिवस होता आणि परातेजींनी मला खुर्ची देण्याआधी खिडकीपाशी उभं केलं. हातात वर्तमानपत्र दिलं, त्यावर पिवळा जिलेटिनचा कागद ठेवला आणि म्हणाले, "वाचा." मी वाचलं. मग निळा ठेवला. मग गुलाबी.

"यातला कोणता चालते?"

मी कारकून म्हणून रुजू व्हायला आलो होतो. डोळे तपासून घेतील असं नेमणुकीच्या पत्रात कुठंच म्हटलं नव्हतं. सुटका व्हावी म्हणून 'निळा' म्हणालो. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे 'निळा' लिहिलं आणि कोपऱ्यात 'नि' लिहिलेला तो कागद माझ्या टेबलावर ठेवून दिला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सीताबर्डीच्या एका गल्लीत ते लहानसं वाचनालय होतं आणि देवराव पराते तिथले ग्रंथपाल. पन्नाशीचे, किडकिडीत, आवाज इतका हळू की 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्याकडे बघूनच लिहिली असावी. दुपारी वाचक जमले आणि मी थक्क झालो. एक निवृत्त मास्तर हिरव्या कागदातून अग्रलेख वाचत होते. एक वकील गुलाबीतून निधनवार्ता वाचत होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एकदा तर नुसता पत्ता विचारायला आलेला माणूस नारिंगी कागद घेऊन परत गेला.

"हे कशासाठी, परातेजी?" मी विचारलं.

"कागद पांढरा, त्यात नागपूरचं ऊन. कोणाचे डोये दुखते, कोणाले अक्षरं हालल्यासारखी दिसते. ज्याचा डोया, त्याचा रंग. आपण काहून जबरदस्ती करावं?"

हे त्यांचं पालुपद. मी हसून सोडून दिलं. मे महिन्यात मात्र एका दुपारी निळा कागद घरी विसरलो, उघड्या पानावर डोकं भणभणलं, आणि आपल्याला त्याची सवय लागली आहे हे कळून मी हादरलोच.

त्याच आठवड्यात वाचनालयाचे चिटणीस आले. ते वर्षातून एकदोनदाच फिरकत. वर्तमानपत्र उघडून बसले, तर परातेजींनी त्यावर अलगद पिवळा कागद ठेवला.

"कोणता चालते, साहेब?"

चिटणीस उठले. प्रत्येक टेबलावरचे कागद गोळा करून, टराटरा फाडत, त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकले. "हा बालवाडीचा खेळ आहे. उद्या एक जरी कागद दिसला तरी तुम्ही इथे दिसणार नाही."

परातेजी भांडतील असं मला वाटलं होतं. ते खाली वाकले. टोपलीतून कागद वेचले, पिशवीत भरले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मास्तर आले, पान उलटून पाहिलं आणि न वाचताच घरी गेले. तिसऱ्या दिवशी मास्तर आणि वकील मिळून चिटणिसांच्या घरी जाऊन बसले. संध्याकाळी चिटणिसांनी मला बोलावून सांगितलं, "त्यांना आणा. ते कागदही आणा."

परातेजींचं घर कोष्ट्यांच्या वस्तीत होतं. शेजारी हातमाग खटखटत होता. दार उघडंच होतं. परातेजी जमिनीवर फाटके कागद पसरून बसले होते, समोर त्यांच्या पत्नी.

"हा कोणता वं?"

"हिरवा."

त्यांनी कोपऱ्यात शाईनं 'हि' लिहिलं आणि दुसरा उचलला. "अन् हा?"

"लाल."

मी उंबरठ्यावरच थांबलो. कागदांच्या कोपऱ्यातली अक्षरं मी रोज पाहत होतो. ती त्यांची टापटीप समजत होतो.

"बसा, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "मले लाल-हिरव्यातला फरक समजत नाही. कोष्ट्याचं पोर असून. सोळा वर्साचा असताना लुगडं विणून राहिलो होतो. काठाचा लाल दोरा संपला, तं मी हिरवा जोडला. बापानं मागावरून उठवलं, पुन्हा सुताले हात लावू नाही दिला. तवा समजलं, मले दिसते तसं दुसऱ्याले दिसत नाही. मंग वाटलं, कोणालेच सारखं दिसत नसन. इचारून घेतलेलं बरं."

मी चिटणिसांचा निरोप सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा कागद उचलला. मी विचारलं, "त्या लुगड्याचं काय झालं?"

परातेजींनी बायकोकडे पाहिलं. वहिनींनी उठून पेटी उघडली.

"कोणी घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "मंग सासऱ्यानं माह्या लग्नात मलेच नेसवलं."

त्यांनी लुगडं उलगडलं. निम्म्यापर्यंत लालभडक काठ आणि तिथून एकदम हिरवा. परातेजींनी काठावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही न थांबता.

"इतकी वर्सं इचारून राहिलो हिले," ते मला म्हणाले, "कुठून चुकलं ते दाखव म्हणून. दाखवत नाही."

वहिनी लुगड्याची घडी घालू लागल्या.

"चुकलंच नाही," त्या म्हणाल्या, "तं काय दाखवू?"