समुद्राची झालर

“पाय थांबवायचा नाही! हात चुकला तर उसवता येतं, पाय अडखळला तर दोराच तुटतो.”

शिवणवर्गातल्या बाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आजींचे पाय अजून त्यांचंच ऐकत होते. जेवताना, फोनवर बोलताना, देवापुढे डोळे मिटून बसल्यावरसुद्धा त्यांचं मागे-पुढे, मागे-पुढे चालूच.

आणि आज समोर होती मुलाने आणलेली विजेची मशीन. जुन्या पायमशीनचं डोकं गंजून भंगारात गेलं होतं. खालच्या लोखंडी सांगाड्यावर, पायडलसकट, फळी ठोकून त्याने फोन ठेवायचं टेबल केलं होतं.

“आई, किती सोपंय! पायाखालचं हे दाबलं की पळते, सोडलं की थांबते.”

“एवढंच?”

“एवढंच.”

संध्याकाळी शाळेच्या नाटकात नात समुद्र होणार होती. निळा झगा तयार होता. लाटांची झालर तेवढी राहिली होती.

“आजी, शब्द दिलायस हं! लाटा नसल्या तर आमच्या शाळेतल्या बाई मला खडक करणार आहेत. खडकाला एकही वाक्य नाहीये!”

“माझी समुद्रबाई खडक होते होय! लावते की.”

आजींनी देवाचं नाव घेतलं. सवयीने पाय पुढे गेला, मशीन उधळली. मागे आला, गप्प झाली. पुन्हा उधळली. थांबवायला आजींनी चाक धरलं. चाक अडलं की पायाने जोर लावायचा, ही तर जन्माची सवय. मशीन किंचाळली, चाक हातातून निसटलं आणि सुई सुसाट सुटली. सुईखाली झालर गेली, मागोमाग आजींची बाही गेली आणि वाऱ्याने आत आलेला खिडकीचा पडदाही गेला.

“आई, पाय काढ!”

“काढतेय रे!”

“दाबतेयस तू!”

“मी नाही, तो दाबतोय!”

मुलाने धावत येऊन प्लग उपटला. आजी दचकून उठल्या. बाहीबरोबर झगा आला, झग्याबरोबर पडदा, आणि पडद्याबरोबर आलेली दांडी मुलाच्या टाळक्यात बसली.

“राहू दे आता,” तो डोकं चोळत म्हणाला. “या वयात नवीन नाही जमत. तयार झगा आणतो बाजारातून.”

“तयार झग्याला लाटा नसतात,” नात पुटपुटली.

तो गेला. आजी गुपचूप बाही उसवत बसल्या. पायांना शिवण फार येत होतं, हीच तर पंचाईत होती. शिवणातलं ओ की ठो कळत नाही असं अंगात काही उरलंय का, ते त्या शोधत होत्या. शेवटी उसवलेल्या बाहीतून डोकावणाऱ्या कोपरावर त्यांची नजर थांबली.

त्यांनी टेबलावरचा फोन खाली ठेवला. नातीला हाताशी घेऊन मशीन तिथे चढवली, प्लग लावला आणि पायाने दाबायचा तो डबा उजव्या कोपराखाली सरकवला. दाबलं की पळते, सोडलं की थांबते. कोपराने निमूट ऐकलं. खाली दोन्ही पाय जुन्या पायडलवर टेकले आणि सुखाने मागे-पुढे करू लागले.

नातीने वाकून पाहिलं. “आजी, पण हे खालचं कशालाच जोडलेलं नाहीये!”

“हळू बोल गं,” आजी कुजबुजल्या, “पायांना कळेल.”

आणि त्यांनी पहिल्या लाटेवर सुई टेकवली.