रिलीव्हर आल्याशिवाय

सहारेकाकांकडे घराची किल्ली ठेवायची असेल, तर निघायच्या आधी हाताशी वीस मिनिटं असावीत. बाकीचे शेजारी किल्ली घेतात. सहारेकाका चार्ज घेतात.

मरोद्याच्या कामगार वस्तीत आमची दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून. किल्ली देते म्हटलं की काका काखेत निळं रजिस्टर मारून येतात आणि एकेक खोली पाहतात.

"गॅस?"

"बंद, काका."

"रेगुलेटर?"

"तोही बंद."

"दूध?"

"तापवून झाकलंय."

"मांजर?"

"मांजर आपली नाही, काका."

"आपली नसन. पण आत हाय का बाहेर?"

मांजर बाहेर असल्याची नोंद होते, मी सही करते आणि मग मला जायची परवानगी मिळते. परत आले की काका रजिस्टर उघडून म्हणतात, "इन्सिडेंट निल," आणि पुन्हा सही घेतात.

एकदा मी पावर हाउसच्या बाजारात भाजीला गेले. पाऊण तास सांगितला होता, ऑटो मिळेना म्हणून अडीच तास लागले. येऊन पाहते तो काका माझ्या ओट्यावर उन्हात उभे. शेजारी माझीच खुर्ची रिकामी.

"काका, बसायचं तरी!"

"ड्युटीवर बसत नसते."

"मग घरी जायचं. किल्ली तर खिशातच होती."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी करायला सुचवलं होतं. "रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडत नसते, पोरी. आपुन जागा सोडली अन् तिकडं भट्टीले काही झालं, तं जबाब कोण देईन?"

माझ्या घरात भट्टी नाही. दोन बर्नरची शेगडी आहे. पण मी मुकाट्यानं सही केली.

मी स्वतः याद्या करणारी बाई आहे. फ्रिजवर किराण्याची यादी, कपाटाच्या दाराला आतून औषधांची, आणि पर्समध्ये कोणती यादी कुठे चिकटवली आहे त्याची. सगळे मला शिस्तीची म्हणतात. सहारेकाकांशेजारी राहायला आल्यावर कळलं, मी हौशी आहे.

काका तरुणपणी भंडाऱ्याकडून इथे आले आणि थेट पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर लागले. उभी नोकरी तिथेच काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिफ्ट सुटली नाही. ए, बी, सी आठवड्यागणिक फिरतात. ए शिफ्ट असली तर पेपर दुपारी दोननंतर. बी असली तर पेपर सकाळी, आणि दोनला डोक्याला रुमाल बांधून अंगणात. भाजीवाला हातगाडी थांबवून विचारतो, "काका, आज कौन सी शिफ्ट?" तो थट्टा करतो, काका उत्तर देतात, "बी. अन् तू पंधरा मिनट लेट हाय."

गुरुवार त्यांचा ऑफ. त्या दिवशी दाढी नाही, रजिस्टर नाही, सल्ला नाही. कुणी नळ गळतो म्हणून आलं तर खुर्चीतूनच सांगत, "आज ऑफ हाय. उद्या गळू दे."

आणि एक वाक्य. ते आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ आहे: "लॉगमंदी नाही, ते झालं नाही." लॉग म्हणजे ते निळं रजिस्टर. समोरच्या देवांगनने एकदा त्यांची शिडी नेली आणि काका घरात नसताना परत आणून भिंतीला लावली. महिनाभर काका त्याच्याकडे शिडी मागत होते.

"काका, तुमच्या पाठीमागं उभी आहे ना शिडी!" मी म्हणाले.

काकांनी वळून शिडीकडे पाहिलं. "दिसून तं राहिली," ते म्हणाले, "पण आली नाही." देवांगननं सही केली, तेव्हा शिडी आली.

या सगळ्यावर सुमनकाकू हसत. काकू म्हणजे काकांची बायको. ठेंगणी, भरभर चालणारी. हसता हसता दहा कामं उरकणारी. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत संपलं. मुलगा पुण्याला, तो न्यायला आला होता. काका म्हणाले, "येतो. पहिले रिलीव्हर येऊ दे." मुलाला वाटलं, वडील भ्रमिष्ट झाले. त्यानं मला हळूच लक्ष ठेवायला सांगितलं, आणि मी यादीत लिहिलं: काका, रोज सकाळ-संध्याकाळ.

लक्ष ठेवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली, गुरुवारचा ऑफ बंद झाला. विचारलं तर म्हणाले, "डबल चालू हाय." प्लांटमध्ये पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आला नाही, तर आधीचा तसाच थांबून त्याचीही ड्युटी करतो. त्याला डबल म्हणतात, हे मला माहीत होतं. काकांचं डबल कसलं, ते कळेना.

दुसरी गोष्ट, खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधून काका त्यांची वेणी घालत बसत. घालायची, उकलायची, पुन्हा घालायची. आठ-दहा दिवस हे चाललं. मी मुलाला फोन करायचं यादीत लिहिलं, मग खोडलं. माणूस दाढी करतो, जेवतो, चार्ज घेतो. सुतळीनं कुणाचं काय बिघडतंय?

आता माझ्या कामाबद्दल. देशभर एक पाहणी चालते, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. काम किती, घरकाम किती, फावला वेळ किती, आणि एकंदर आयुष्यात समाधान किती. मी तिच्यासाठी कंत्राटावर घरोघर जाऊन माहिती भरते. टॅबलेटवर कालचा अख्खा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या रकान्यांत मांडायचा. एकही रकाना रिकामा राहिला तर फॉर्म पुढे जात नाही.

ऐकायला सोपं आहे. नेहरू नगरात एका साहेबांनी मला दुपारचे चार तास "असंच" म्हणून सांगितले. बायकांचं उत्तर तर ठरलेलं. हात पिठात असतात, कुकर शिट्टी देत असतो, आणि त्या म्हणतात, "काही नाही जी, घरीच असते." मग एकेक अर्धा तास खोदून काढावा लागतो.

या खेपेला निवडलेल्या घरांच्या यादीत सहारेकाकांचं घर आलं. मी सकाळी दहाला गेले. काका इस्त्रीच्या शर्टात तयार. टेबलावर रजिस्टर.

"कालचा दिवस सांगू का परवाचा? सगळे हायेत."

"कालचाच, काका."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत मला असा उत्तरदाता मिळाला नव्हता. साडेपाच ते सहा, पाणी भरणं, दोन ड्रम, एक माठ. सहा ते साडेसहा, कणीक भिजवणं, भाजी निवडणं. साडेसहा ते सात, पोळ्या, सहा, पैकी एक करपली. करपलेल्या पोळीचीही नोंद! माझी बोटं टॅबलेटवर मागे पडत होती. धुणं. लोणच्याच्या बरणीला ऊन दाखवणं. बुद्धविहारातली सतरंजी झटकणं. मी मध्येच थांबून नुसती बघत राहिले. या घरात एवढं काम होतं, हे मला भिंतीला भिंत असूनही ठाऊक नव्हतं.

"चार ते साडेचार," काका वाचत होते, "तेल, फणी, वेणी. रामटेकेआजी."

"म्हणजे?"

"मांगच्या गल्लीतली रामटेकेआजी. तिचा उजवा हात वर होत नाही. रोज तिची वेणी घालून द्या लागते."

मला गजाला बांधलेली सुतळी आठवली.

"आता बरी येते," काका जरा संकोचून म्हणाले. "पहिले सैल होये. म्हातारी शिव्या दे. म्हणे, भट्टीतला गडी, केस का सळई हाय?"

मी भरत गेले. काका उठून माझ्या मागे आले आणि वाकून टॅबलेटमध्ये पाहू लागले.

"हे सारं माह्या नावावर कावून टाकून राहिली?"

"तुम्हीच केलं ना, काका."

"मी करून राहिलो. पण ड्युटी कोणाची हाय?"

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"सुमनची हाय," ते म्हणाले. "तिची शिफ्ट. ती नाही आली, मी डबलवर हाओ. तिच्या नावावर टाक."

"काका, फॉर्ममध्ये घरात राहणाऱ्यांचीच नावं येतात. काकूंचं नाव नाही घेता येत."

"नाही येत?"

"नाही, काका."

ते पुन्हा खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पण डोळ्यांवर ठेवला नाही.

"राशन कार्डावर लिहिलं. पोराच्या शाळेत लिहिलं. दवाखान्यात लिहिलं. जिथं जिथं कागदात विचारलं, पत्नी काय करते, तिथं तिथं मी माह्या हातानं लिहिलं, काही नाही. ती बाजूले उभी राहे. हसे." त्यांनी रजिस्टरवरून हात फिरवला. "ती गेल्यावर पहिल्या दिवशी मले वाटलं, एका घंट्यात उरकन. रात झाली. अन् मी काय म्हणत होतो सारी जिंदगी? लॉगमंदी नाही, ते झालं नाही. मंग ह्या हिशेबानं तं सुमन काही झालीच नाही ना."

मी नियम मोडणारी बाई नाही. खोटं नाव मी घातलं नसतं, आणि काकांनी घालू दिलं नसतं. म्हणून मी कामाचं विचारलं.

"काका, प्लांटमध्ये डबल लागली की लॉगमध्ये कोणाचं नाव लिहीत?"

"दोघांचं. पहिले ज्याची ड्युटी त्याचं. मंग जो डबलवर हाय त्याचं."

आमच्या फॉर्मच्या शेवटी शेऱ्याची एक चौकट असते. कुणी ती भरत नाही. मी लिहिलं: 'वरील घरकाम व शेजारच्या वृद्धेची देखभाल. मूळ ड्युटी: सुमन सहारे (दिवंगत). दोन वर्षांपासून डबलवर: नामदेव सहारे.' आणि टॅबलेट त्यांच्यापुढे धरला.

काकांनी दोनदा वाचलं. "करेक्ट," ते म्हणाले.

मग राहिला समाधानाचा प्रश्न. शून्य ते दहा, कितीवर टाकू? काका म्हणाले, "हे शिफ्ट सुटल्यावर विचारत असते. चालू ड्युटीत नाही." 'उत्तर दिले नाही' असाही एक पर्याय असतो, तो मी निवडला.

फॉर्म तरी पुढे जाईना. संध्याकाळी साडेपाच ते सहा हा रकाना रिकामा होता. रजिस्टरमध्येही त्या जागी नुसती रेघ.

"यावेळी काय करता, काका?"

"त्याले काम नाही म्हणत."

"पण रकाना भरावा लागतो."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "मंग संध्याकाळी तुह्या ओट्यावर उभी राय. मी काय करतो ते पाय. अन् काय लिहा लागते ते लिही."

साडेपाचला मी टॅबलेट घेऊन ओट्यावर उभी राहिले. काका रजिस्टर घेऊन फाटकाशी आले. याच फाटकाशी संध्याकाळी काकू त्यांना दिवसभराचं सगळं सांगत. काका पेपर उघडून 'हूं, हूं' करत, हे मी कितीदा पाहिलं होतं. आज काकांच्या हातात पेपर नव्हता. रुमाल सोडून खिशात ठेवलेला. ताठ उभे राहून ते हळू आवाजात वाचत होते, चार्ज देताना वाचतात तसं.

"पाणी, दोन ड्रम. पोळ्या सहा, करपली एकही नाही. बरणीले ऊन दाखवलं. आजीची वेणी झाली, शिव्या नाही दिल्या." त्यांनी पान उलटलं. "इन्सिडेंट, एक."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'निल'खेरीज मी काही ऐकलं नव्हतं.

"शेजारची वंदना आली होती. सरकारी कागदात तुही एन्ट्री झाली. तुह्या नावानं. पहिले तुहं, मंग माहं."

एवढं वाचून त्यांनी रजिस्टर फाटकाच्या कठड्यावर उघडं ठेवलं, पेनाचं टोपण काढलं, पेन त्यावर आडवं ठेवलं आणि सही घ्यायला थांबतात तसे बाजूला उभे राहिले. सहा वाजेपर्यंत.

मी टॅबलेटवरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. 'कुटुंबातील व्यक्तीशी बोलणे' असा एक पर्याय होता. तो निवडला, आणि फॉर्म पुढे गेला.