राणीच्या गालावरचा तीळ

भिंग हातात घेण्याचं मला काहीच कारण नव्हतं. सासरेबुवा भाच्याकडे गेले होते आणि त्यांची काचेची टाकी आमच्या हॉलमध्ये होती. टाकीत दोन गोल्डफिश. जाडोबा आणि राणी. ही जोडी सासूबाईंनी वारण्याआधी हौसेनं आणलेली, त्यामुळे सासऱ्यांचा जीव त्या टाकीत. "जमेल ना, जावईबापू?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ते बघत मात्र होते माझ्या बायकोकडे.

"खायला घाला आणि बाजूला व्हा," बायको म्हणाली. "जास्त लक्ष घालू नका."

पण मी जबाबदार माणूस. (ऑफिसात कुणी मानत नाही, हा भाग वेगळा.) मी भिंग लावलं आणि हबकलोच. जाडोबाच्या गालफडांवर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके! पुढच्या परांच्या कडेलाही तेच!

मोबाईलवर शोधलं. माशाच्या कातडीत शिरणारे परजीवी! दुसऱ्या फोटोकडे बघायची माझी छातीच झाली नाही. उपाय लिहिला होता: मासा वेगळा काढा, मिठाच्या पाण्यात ठेवा. शिवाय जाडोबा आदल्या दिवसापासून राणीच्या मागे लागून तिला सारखा ढुश्या देत होता. आजारी आणि वर गुंड! मी त्याला मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकला. तो एवढा उसळला की माझा शर्ट भिजला.

राणी मात्र खुशीत होती. दगडांवर अंग घासत नाचत होती. आणि तिच्या गालावर एक गोल, चपटा, हिरवट तीळ! मी विरघळलोच. तीळ माझ्याही गालावर आहे. (लग्न ठरताना सासूबाईंना माझ्यातलं तेवढंच आवडलं होतं, असं बायको सांगते.) मी लगेच फोटो काढून सासऱ्यांना पाठवला. 'राणीचा तीळ किती शोभतो नाही?'

त्यांचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, गहिवरले असतील.

सकाळी बायकोनं हाक मारली. "अहो, तीळ कुठल्या गालावर होता?"

"डाव्या."

"मग आता शेपटीजवळ कसा?"

मी पाहिलं. तीळ शेपटीजवळ होता. आमच्या डोळ्यांदेखत तो पोटाकडे निघाला. त्याला पाय होते! मी किंचाळलो. बायको म्हणते, शेजारचे गॅलरीत आले.

तेवढ्यात दार वाजलं. सासरे! फोटो पाहून मिळेल त्या गाडीनं आले होते. ते दातांचे निवृत्त डॉक्टर, त्यामुळे चिमटा कायम खिशात. चपलाही न काढता त्यांनी राणीला ओल्या फडक्यात धरलं आणि तीळ उपटला. तो चिमट्यात वळवळत होता.

"ही माशांची ऊ, जावईबापू. रक्त पिते. पोरगी खाजेनं दगडांवर अंग घासतेय आणि तुम्ही शोभा बघताय?"

राणीच्या अंगावर लाल ठिपका राहिला होता. ती तळाशी जाऊन गप्प बसली. मला खरंच रडू आलं. सासूबाईंची राणी माझ्या कौतुकानं मरणार होती.

सासऱ्यांनी टाकीत माशांच्या उवांचं औषध घातलं, मग विचारलं, "आणि जाडोबा?"

"बादलीत. त्याला भयंकर रोग झालाय. गालावर ठिपके, परांच्या कडेला ठिपके..."

"अंगावर? शेपटीवर?"

"तिथे नाहीत."

सासरे बादलीकडे धावले. "अहो, तो वयात आलाय! विणीच्या दिवसांत नराला असेच ठिपके येतात. म्हणून तर तिच्या मागे लागला होता. वर्षभर वाट बघत होतो मी!"

म्हणजे रोगी नवरीची मी तारीफ केली होती आणि ठणठणीत नवऱ्याला खारवून ठेवलं होतं. बायको पदर तोंडात कोंबून हसत होती.

सासरे राहिलेच आमच्याकडे. औषधानं राणी सावरली, खायला लागली, जाडोबा टाकीत परतला, आणि एका सकाळी पाणवनस्पतीवर बारीक अंडी चिकटलेली दिसली. सासरे काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभे होते. "तिला दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मीही डोळे पुसले. वाटलं, चला, आपण माफ झालो.

निघताना ते दारात थबकले. माझ्या गालाकडे निरखून बघू लागले. हात हळूच चिमट्याच्या खिशाकडे गेला.

"काय गं," त्यांनी लेकीला विचारलं, "यांचा हा पहिल्यापासून इथेच आहे ना?"

बायको उत्तर द्यायला जागेवरच नव्हती. ती भिंग आणायला गेली होती.