आक्काबाईच्या घरातलं प्रस्थान

"एवढंच?" सुचित्राने विचारलं.

"एवढंच," हेमचंद्र म्हणाला, आणि खाकी पिशवी पाठीवर चढवून माजघरात फेऱ्या मारू लागला.

लढाई संपल्यावर भिंगारच्या छावणीत जुन्या लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात त्याने ही पाठीवरची पिशवी घेतली होती. शाळेतल्या मास्तरकीतून रजा काढून तो दोन वर्षांसाठी विलायतेला शिकायला निघाला होता, आणि एवढ्या एका पिशवीनिशी जाणार होता. चार शर्ट, दोन पँट, दाढीचं सामान, दोन पुस्तकं. "सोल्जर हिच्यावर अख्खी आफ्रिका फिरून आले," तो येईल त्याला सांगे. "ट्रंका घेऊन हमालांच्या मागे धावायला मी काय लग्नाचं वऱ्हाड आहे?"

सुचित्रा बी.ए. झालेली, विलायतेत किती थंडी पडते हे तिने परीक्षेत लिहिलेलं होतं. एका पायाने पाळणा हलवत तिने त्याच्यासाठी जाडजूड स्वेटर विणला होता. तो तिने पिशवीत ठेवावा आणि त्याने हळूच काढून खुंटीला लावावा, असं दोनदा झालं.

"ओझं होतं गं."

तिने समुद्र पाहिला नव्हता. पण पाळणा कुरकुरू लागला की तिला बोटीचा आवाज यायचा. बाळाच्या दुपट्यावरच्या निळ्या सुरकुत्यांच्या लाटा व्हायच्या. दूर डेकवर खाकी पिशवीवाला एक छोटासा माणूस उभा दिसायचा, आणि तो शिंकत असायचा.

बोट नेमकी पितृपंधरवड्यात सुटत होती. सासूबाईंनी पंचांग मिटलं. "पक्षात प्रयाण करायचं नाही. त्याआधी चांगल्या मुहूर्तावर प्रस्थान ठेवू."

म्हणजे जाणाऱ्याचं सामान आधीच शेजारी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं समजायचं. एरवी सुपारी-अक्षतांची पुरचुंडी पुरते, पण सासूबाईंना समुद्राची खात्री नव्हती. त्यांनी सबंध पिशवीच पाठवली. विलायत पश्चिमेला, आणि पश्चिमेला घर होतं म्हशीवाल्या आक्काबाईचं.

"आता ती घरात परत आणायची नाही, आणि जाईपर्यंत तू हात लावायचा नाहीस," सासूबाईंनी मुलाला बजावलं.

सुचित्राच्या मनात चटकन आलं, मला कुठे कोण काही म्हणालं?

दुपारी ती विरजण मागायला आक्काबाईकडे गेली. पदराखाली स्वेटर होता. पिशवी देवाच्या कोनाड्याखाली फुलं-कुंकू लावून बसवलेली. स्वेटर कोंबल्यावर ती टम्म फुगली. हेमचंद्राने ती पाठीवर घेतल्याबरोबर ओळखलं असतं. सुचित्राने एक शर्ट काढला. आता पिशवी पहिल्यासारखी दिसू लागली.

"शर्ट काढला व्हय, वैनी?" आक्काबाई दारातून म्हणाली.

"अय्या! कुणाला सांगू नका हं."

"मी न्हाई बगितलं काई. पर ते सायेब तिकडं उघडं हिंडायचं का?"

"अजून तीन आहेत."

शर्ट पदराखाली दडवून ती परतली, तर उंबऱ्यात सासूबाई. त्यांच्याही पदराला फुगवटा होता. "वाती द्यायच्यात आक्काबाईला," त्या म्हणाल्या आणि घाईने गेल्या. परत आल्या तेव्हाही फुगवटा होता, फक्त आकार बदललेला. सुचित्राने पाहिलं आणि पाळणा जोरात हलवला.

जायच्या दिवशी आक्काबाईसकट सगळी टांग्याने नगर स्टेशनवर आली. निघताना हेमचंद्राने आक्काबाईच्या घरून पिशवी उचलली तेव्हा तिला जरा झोका दिला होता. "पाहिलंत? पिसासारखी!"

भाद्रपदातलं ऊन फलाटावर नुसतं वितळत होतं. गाडी आली. हेमचंद्राने बाळाला शेवटचं म्हणून खांद्यावर घेतलं, आणि बाळाने पोटातलं सगळं दूध त्याच्या शर्टावर ओकून टाकलं.

"असू दे, असू दे. दुसरा आहे." त्याने पिशवीचा बंद सोडला.

"नको!" तिन्ही बायका एकदम ओरडल्या.

पण पिशवी उघडली होती. सुंठवड्याचा डबा निघाला. मेतकूट निघालं. आक्काबाईचं कांबळं निघालं. स्वेटर निघाला. शर्ट निघेना.

"मी एकच काढला होता," सुचित्रा म्हणाली.

"मीही एकच," सासूबाई म्हणाल्या. "डबा मावेना म्हणून."

"मी बी येकच. कांबळ्यापुरता," आक्काबाई म्हणाली. "वैनी बोलल्या, तीन हायेत."

"म्हणजे एक उरायला हवा!" सुचित्राने हात तळाशी घातला. हाताला उबदार, मऊ काहीतरी लागलं. बाळाचं निळं दुपटं. कालपासून बाळ त्याच्यावाचून रडत होतं आणि ती घर पालथं घालत होती.

हेमचंद्र इंजिनाकडे बघत होता.

"प्रस्थानाला हात लावलास?" सासूबाई कडाडल्या.

"काल पहाटे आक्काबाई धार काढायला गेल्या होत्या तेव्हा. अंधारात तळाशी हात घातला, एक शर्ट काढून हे ठेवलं," तो पुटपुटला. "झोप येणार नाही मला तिकडे... याचा वास असला म्हणजे जरा..."

सुचित्राने दुपटं नाकाशी धरलं. मग घडी करून परत तळाशी ठेवलं आणि वर हात दाबून म्हणाली, "राहू दे. बाळाला माझं जुनं लुगडं आहे."

गार्डाने शिट्टी दिली. हेमचंद्र पिशवी घेऊन डब्यात चढला. ओला शर्ट अंगाला चिकटलेला, गाडीतली माणसं नाकाला पदर लावू लागलेली. हेमचंद्राने तो काढून खिडकीतून सुचित्राच्या हातात दिला, इकडेतिकडे पाहिलं, आणि उरलं होतं तेच डोक्यातून अंगात घातलं. गळ्यापर्यंत लोकर.

गाडी हलली. सुचित्रा बाळाला घेऊन खिडकीबरोबर चालू लागली. आतला एक फेटेवाला म्हातारा हेमचंद्राच्या कपाळावरून निथळणारा घाम निरखत होता.

"थंडी वाजतीया व्हय, सायेब?"

हेमचंद्राने खिडकीबाहेर, तिच्याकडे पाहिलं.

"अजून नाही," तो म्हणाला. "पण वाजणार आहे म्हणतात."