मिठाला जागलेलं संशोधन

ज्या देशात बर्फ कधीच पडत नाही, तिथेच बर्फावरच्या मिठाचा अभ्यास निःपक्षपातीपणे होऊ शकतो. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात आणि ते पुढे कडेच्या मातीत उतरतं. त्याने मातीतल्या बारीक जिवांचं काय होतं, हे पाहण्यासाठी २०१४ साली सिंगापूरची निवड झाली. (तिथे बारा महिने घाम येतो, आणि घामातही मीठ असतंच.)

काम चैत्रालीकडे आलं. ती पुण्याची, सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात भाड्याच्या खोलीत राहणारी, विद्यापीठातली संशोधक. खर्च मीठ विकणाऱ्याच एका परदेशी कंपनीने उचलला होता, कारण मिठाची कळकळ तिच्याइतकी कुणाला असणार? चैत्राली रोज भर उन्हात स्वेटर हातावर टाकून बसने जायची आणि प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत, परदेशी मातीवर मीठ भुरभुरायची. उड्या मारणारे इवलेसे किडे उड्या मारेनासे झाले. गांडुळं लोणच्यातल्या कैरीसारखी आक्रसली (चवीची नोंद घेण्यात आली नाही) आणि मेली.

अहवालात तिने तसंच लिहिलं. विभागप्रमुख चंद्रशेखर सरांना 'मेली' हा शब्द भडक वाटला. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिला कॉफी पाजली, 'हालचाल स्थगित', 'मातीशी एकरूप' असे पर्याय सुचवले आणि तिच्या सिंगापुरात राहून काम करण्याच्या पासची मुदत संपत आल्याचीही सहज आठवण करून दिली.

खोलीतली मैत्रीण जाई सॉफ्टवेअरमध्ये होती. तिच्याकडे सिस्टीम कोसळली की 'देखभाल चालू आहे' असं लिहीत, म्हणून यात अडचण काय हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैत्राली सरांकडे गेली. "सर, मी गांडुळांना साध्या ओल्या मातीत परत ठेवून पाहिलं. ती उठली नाहीत."

सरांनी अहवाल तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "राहू दे तुझा शब्द."

कंपनीने अहवाल आनंदाने छापला. सोबत निवेदन जोडलं, की आपल्या मिठाने झालेले सर्व मृत्यू अशा देशात झाले आहेत, जिथे आपण हे मीठ विकतच नाही.

सरांच्या शिफारशीने चैत्रालीच्या पासची मुदतही वाढली. हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. साहजिक आहे. गांडुळं मेली, तेव्हा तुम्ही हसला होतात.