येसूतात्याची लाथ

चाकणच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी पाहिलं, तर समोरच्या घरापुढं सात माणसं कंबरेत वाकून ओळीनं उभी, आणि आतून एक आवाज त्यांची सालटी काढतोय.

"निघा हितनं! कुंभाराची गाढवं हायती तिकडं, त्यांच्या मागं जाऊन उभं ऱ्हावा! ती कुनालाबी मारत्यात!"

मला वाटलं, भावकीचं भांडण. शेजारी म्हणाला, "छे हो. लाथ मागायला आलेत."

येसूतात्या पायाळू होता. म्हणजे जन्मताना डोकं नव्हे, आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसानं पाठीत लाथ घातली की भरलेली उसण पळते, ही आमच्या मुलखाची श्रद्धा. बाळ तात्या पाळण्यात होता तेव्हाच त्याचा पाय धरून म्हणे दोन पाटील आणि एक तलाठी सरळ केले होते. "आईच्या अंगावरनं वडून काडायचे मला," तात्या दात खाऊन सांगायचा, "आन् कुनाच्याबी पाठीवर आपटायचे. मी मानूस हाय का मुसळ?"

आता पन्नाशी उलटली होती. कांद्याच्या बाजारात फाटक्या गोण्या शिवायचा धंदा. आणि गेली तीस वर्षं त्यानं कुणालाही लाथ मारली नव्हती. लोक मात्र येतच होते. खेडहून, आसपासच्या वाड्यांवरून, एक तर नगरहून बैलगाडीत पालथा पडून आला होता. तात्याच्या शिव्यांनी बाजारातले बैल मागं सरत, पण उसण भरलेला माणूस हलत नसे. "स्वराज्य आलं," तात्या ओरडायचा, "पर लाथ खायाची हौस काय जाईना ह्यांची!"

मग माझीच पाठ धरली. शाळेचा फळा एकट्यानं उचलायची मर्दुमकी केली, आणि जो वाकलो तो वाकलोच. आठ दिवस मी पोरांना नुसत्या पायांवरून ओळखून हजेरी घेत होतो. शेवटी सातांच्या ओळीत आठवा जाऊन उभा राहिलो.

तात्यानं मला पाहिलं आणि त्याच्या मिशा थरथरल्या. "मास्तर, तुमीबी? पोरांना काय शिकिवता, लाथंचे पाडे?"

"तात्या, मारा एकदाची. सहन होत नाही."

त्यानं माझं मनगट धरून आत ओढलं, दार लावलं. "बसा. माझ्या बापाचं सांगतो. वीस वर्साचा होतो मी. बापाला उसण भरली. हौसेनं पाठ फुडं केली, म्हनला, घाल घरचीच. घातली. नऊ वर्सं खाटंवरनं उठला न्हाई." त्यानं दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. "त्या नऊ वर्सांत त्याच्या अंगावर हात फिरवून फिरवून जे कळलं ते ह्या हातात हाय. पर हात कुनाला नगं. समद्यांना पाय पायजे!"

मग त्यानं अट घातली. आठ दिवस रोज यायचं, लाथेचं नाव काढायचं नाही, आणि बरा झालो की गावाला सांगायचं, हातानं बरा झालो. "एक मानूस, मास्तर. लाथंबिगर सरळ झालेला एक मानूस मला ह्या गावाला दावायचाय." मी शपथ घेतली. त्या घडीला मी कसलीही घेतली असती.

तात्याचं शास्त्र कांद्याचं होतं. "अंग म्हंजे पापुद्रे. कातड्याखाली एक, मांसावर एक, हाडावर एक. सरकत असले की मानूस हलतो. येकमेकाला चिकटले की ठणका. चिकटलेला पापुद्रा तुमी ठेचून काडता का? ठेचणाऱ्याच्या!..." पुढचं मास्तरला लिहिता येत नाही.

मी पाठ पुढं केली, तर त्यानं पोटरी धरली. "ठणका वर हाय तात्या!"

"गप. गोणीला खाली टाका वडून घातला तर चुणी वर पडती. बोंब कुठं आन् वड कुठं, ते आमाला कळतं."

आणि हात कसा? ज्या माणसाच्या तोंडातून निखारे पडत, त्याचा तळवा ताज्या सायीवर ठेवल्यासारखा पडायचा. दाबणं नाही, रगडणं नाही. नुसता ठेवायचा आणि थांबायचा. माझा मनात एकोणतीसचा पाढा दोनदा म्हणून व्हायचा, तेव्हा कुठं हाताखाली काहीतरी आपणहून सुटायचं, लोण्यात सुरी सरकावी तसं. तोवर तोंड चालूच: पैलवान मालिशवाले, तुडवणारे, कडाकड मोडणारे, सगळ्यांचा सात पिढ्यांसकट उद्धार.

आठव्या दिवशी बाजार होता. हस्ताचं आभाळ भरून आलेलं. मी सदरा काढून पालथा पडलेला, तात्याचा हात माकडहाडाशी थांबलेला. एवढ्यात डोक्यावर असा कडकडाट झाला की कौलं वाजली.

इथं सांगितलं पाहिजे की पायाळू माणसावर वीज पडते, असंही आमच्याकडं मानतात. विजेचा धडा मी दोनच दिवसांपूर्वी सातवीला शिकवला होता, आकृतीसह. पण दुसरा कडकडाट झाला आणि मास्तर, धडा, आकृती सगळं उठलं, आणि उघड्या अंगानं दारातून जे सुटलं ते भर बाजारातून थेट देवळाच्या ओवरीत. धापा टाकताना लक्षात आलं, मी ताठ उभा आहे.

ओवरीतल्या पन्नास माणसांच्याही ते लक्षात आलं. "लाथ बसली!" एकजण ओरडला. "तात्यानं मास्तराला लाथ घातली! बघा, बाणासारखा झालाय!"

दुसऱ्या सकाळी तात्याच्या दारात सात नाही, चाळीस माणसं. रांगेतला म्होरक्या मला बघून म्हणाला, "मास्तरांनाच इचारा की!" चाळीस वाकड्या माना वळल्या. तात्याही बाहेर आला होता, हातात माझा सदरा. तोही माझ्याकडंच बघत होता.

हातानं बरा झालो, हे सांगायचं होतं. पण मग पळालो कशाला, तेही सांगावं लागलं असतं. विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरनं, चाळीस पालकांसमोर.

"पाठ बरी आहे," मी म्हणालो. एवढंच. त्या तीन शब्दांची चीड मला आजही येते. तात्याच्या सगळ्या शिव्या त्या दिवशी माझ्या वाट्याला यायला हव्या होत्या.

त्यानं एकही दिली नाही. सदरा माझ्या खांद्यावर टाकला, कंबरेवर तळवा ठेवला आणि रोजच्यासारखा थांबला. रांग खोळंबली.

"डावीकडं जरा ऱ्हायलंय," तो हळूच म्हणाला. "आभाळ मोकळं असंल तवा या."