पवार मास्तरांचं रोजचं एक पान

पवार मास्तर पुस्तकाचं एक पान आमच्या सखूला समजावून सांगितल्याशिवाय भाकरीला हात लावत नसत. सखू माझी बायको. तिला सहीसुद्धा येत नव्हती, आणि मास्तरांचं पुस्तक इंग्रजी.

मास्तर साताऱ्याच्या हायस्कुलात शिकवायचे. वय पंचेचाळीस, लग्न नाही. दुसरं महायुद्ध संपलं त्या साली बिनपगारी रजा काढून सांगलीला आले, एम.एस्सी.ला बसले आणि आमच्या पुढच्या खोलीत राहिले. बाकीचे विषय सुटले, एकच अडला. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. म्हणजे रेणूंच्या गर्दीचं गणित. त्यात दोनदा नापास. गल्लीतले टोमणा मारायचे, "मास्तर, या वयात?"

मास्तर म्हणायचे, "पेपरावर वय लिहायचं नसतं."

सखू भाकऱ्या थापत असली की सुरू.

"काकी, समजा ही खोली. हिच्यात असंख्य रेणू सोडले."

"आधी पाय धुवा, मग सोडा काय सोडायचं ते."

"ते सारखे भिंतीवर आदळतात."

"आन् भिंत सारवायची कुणी?"

मास्तर खूश. म्हणायचे, कॉलेजात इतके प्रश्न कुणी विचारत नाही.

माघात सखू तापानं गेली. परीक्षा चैत्रात. ही शेवटचीच, कारण रजा पुन्हा मिळणार नव्हती. आणि मास्तरांनी पुस्तक ट्रंकेत टाकलं. माझं डोकं फिरलं. बायको माझी मेली, आणि सुतक हे धरून बसले!

"आवं, परीक्षा द्यायची न्हाई व्हय?"

"पान सांगू कुणाला, आबा?"

"मी काय मेलोय? काढा ते पुस्तक."

मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण हटलो नाही. रोज चुलीपुढं बसवून पान वदवून घेतलं. भाकरी माझी करपायची, मास्तर करपलेलीच खायचे.

एकदा म्हणाले, "एकटा रेणू कुठं जाईल ते सांगता येत नाही. सगळ्यांचं मिळून सांगता येतं."

"मग एकट्यानं करायचं काय?"

त्यांनी दोन-चार पानं उलटली. "तेवढं यात नाही, आबा."

मास्तर पास झाले. पेढे घेऊन आले. मी सरळ विचारलं, "आता साताऱ्याला कवा निघायचं?"

"रजा जूनपर्यंत आहे," मास्तर खाली बघत म्हणाले. "एक पुस्तक वाचायचं राहिलंय."

मी दोघांपुरतं पीठ काढलं.